मंगळवार-शुक्रवारसाठी होडी

ओढ्यावरचा पूल खचला तो बुधवार होता. सगळा गाव छत्र्या घेऊन बघायला गेला. शाळा सुटल्यावर मीही गेले. पुलाचा मधला भाग खाली बसला होता आणि त्यावरून तांबडं पाणी वाहत होतं. लोक मोबाइलवर फोटो काढत होते. कुणाचं दूध अडकलं, कुणाची भाजी अडकली, असं बोलणं चाललं होतं. मी बोटांवर मोजलं. बुधवार, गुरुवार. शुक्रवारी सकाळी आठच्या आत आम्हाला नाशिकला पोहोचायचं होतं.

माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी नाशिकच्या दवाखान्यात त्यांचं डायलिसिस असायचं, चार चार तास. दीड वर्ष झालं होतं. त्याआधी ते विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचे. गावात सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, म्हणून इथे मीही मिस्त्रीच म्हणते. मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मला सगळे बाई म्हणतात. मुलगी लग्न होऊन पुण्याला असते. घरात आम्ही दोघंच.

आमचं गाव नाशिकच्या पश्चिमेला, एका धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आहे. पूल होता तोवर जीपने पाऊण तासात शहर यायचं. दुसरा रस्ता डोंगराकडून वळसा घालून जातो, अडीच तासांचा, आणि पावसाने तोही ठिकठिकाणी खाल्ला होता. मात्र फुगवट्याच्या पलीकडच्या काठाला लागूनच डांबरी रस्ता होता. तिथे रिक्षा मिळायची, एसटी मिळायची. आमच्या ओट्यावरून तो रस्ता दिसायचा.

पहिले दोन आठवडे गावातल्या एका म्हाताऱ्या भोयाने निभावलं. मी त्यांना बाबा म्हणते. त्यांची मासेमारीची लाकडी होडी होती, जुनी आणि अरुंद. पहाटे मिस्त्रींना धरून काठावर न्यायचं, गोणपाटावर बसवायचं, वर प्लास्टिक धरायचं. बाबा वल्ही मारायचे. चाळीस मिनिटं लागायची. मिस्त्रींना फार वेळ मांडी घालून बसता यायचं नाही, पायांना सूज असायची. तरी ते पलीकडे उतरल्यावर बाबांना फक्त एवढंच म्हणायचे, "लई त्रास देतो तुम्हाला."

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी वारं सुटलं. पाण्यावर पांढऱ्या लाटा उठत होत्या. आम्ही तयार होऊन काठावर गेलो, तर बाबा होडी वर ओढून बसले होते.

"बाई, आज नाय जमायचं."

"थोडं थांबून बघू या का?"

"माझी एकट्याची गोष्ट न्यारी हाय. मिस्त्रीला बसवून म्या पाण्यात नाय घालणार. तुमी मला मागनं काय बी बोला."

अकरापर्यंत वाट पाहिली. मग जीपवाल्याला गयावया करून डोंगराच्या रस्त्याने निघालो. अर्ध्या वाटेत दरड आली होती. दोन झाडं आडवी पडली होती आणि समोरून येणारे हातानेच परत फिरा म्हणून सांगत होते. आम्ही परत आलो. शनिवारीही वारं तसंच. मिस्त्रींचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले. त्यांना आडवं होता येईना, झालं की जीव गुदमरायचा. मी त्यांच्या पाठीशी उशा लावून, समोर स्टूल ठेवून त्यावर डोकं टेकवायला लावलं. श्वासाचा आवाज हुक्क्यासारखा यायचा. दवाखान्यात फोन केला की तिकडची नर्स म्हणायची, "घेऊन या, कधीही या, मशीन देतो." कसं येणार ते तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

रविवारी दुपारी वारं पडलं आणि बाबा स्वतःहून दाराशी आले. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, एवढं अंतर पुन्हा पडू देऊ नका," म्हणाले. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, नाशिकला खोली घ्या ना." तिचं खरं होतं. पण माझी शाळा अलीकडे होती. पगार माझा एकटीचा होता. कुठल्याही वाटेने मी रोज ये-जा करू शकत नव्हते, आणि बिनपगारी रजा घेतली तर औषधं कशातून आणायची? मिस्त्रींना एकट्याला खोलीत ठेवायचं तर त्यांना रात्रीतून काही झालं तर कोण बघणार? आम्हा दोघांचं हे सगळं चारदा उलटसुलट बोलून झालं होतं.

त्या रविवारी परतताना होडीत मिस्त्री म्हणाले, "आपण होडी घेऊ. मशीन लावलेली. जुनीच बघू."

"चालवणार कोण?"

"तू."

मला पोहता येत नव्हतं. सायकलही मी मोठेपणी शिकले. मला वाटलं डायलिसिसनंतरच्या ग्लानीत बोलतायत. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्यांचं वाइंडिंगचं मशीन आणि दुकानातली तांब्याची सगळी तार विकायला काढली. घ्यायला आलेल्या माणसाने मशीन टेम्पोत चढवलं तेव्हा ते ओट्यावर बसून त्याला सांगत होते, "डाव्या बाजूला ग्रीस जास्त लागतं तिला. विसरू नका." त्यातून जे आलं तेवढ्यातच होडीही आणि तिचं इंजिनही बसवायचं होतं. नव्या इंजिनाची किंमत मी फोनवर विचारली आणि पुन्हा कुणाला विचारली नाही.

तलावावरच्या मच्छीमारांच्या मंडळाने सांगितलं, आजारी माणसाला न्यायचंय तर आमची ना नाही. पाटबंधारे खात्याला अर्ज दिला. त्याचं उत्तर यायच्या आत पावसाळा संपला.

पहिली होडी निफाडच्या अंगाला बघितली. गोदावरीचं पाणी तिथे पसरतं, मासेमारांची वस्ती आहे. शाळेतून अर्धी रजा टाकून गेले. होडी पत्र्याची होती, किंमत अगदी आवाक्यात. तळाशी डांबराचे थर होते आणि आत एक पत्र्याचा डबा पडलेला होता.

"हा डबा कशाला?" मी विचारलं.

"पाणी काढाया."

"किती वेळा काढावं लागतं?"

विकणारा माणूस भला होता. थोडा विचार करून म्हणाला, "दोन फेऱ्यांना एकदा. मधी वारं आसलं तर एका फेरीला दोनदा." मग स्वतःच हसला. "बाई, तुमी नका घेऊ ही. तुमचं काम येगळं हाय."

मी फोनवर हे मिस्त्रींना सांगितलं. ते खूप दिवसांनी हसले आणि मग त्यांना खोकला लागला.

दुसरी होडी बघायला गेले तेव्हा मला वाटलं आता संपलं, हीच घ्यायची. धरणाच्याच पलीकडच्या बाजूला एक बंद पडलेलं हॉटेल होतं. पूर्वी तिथे पाहुण्यांना पाण्यात फिरवायचे. लाल रंगाची फायबरची होडी, मागे इंजिन लावलेलं, आत गाद्या, दोन लाइफ जॅकेटं. नुकताच रंग दिला होता. मालक खुर्चीवर बसून म्हणाला, "ताई, आजच उचला. उद्या दुसरी पार्टी येतेय." तो मंगळवार होता. मिस्त्रींना दवाखान्यात मशीनवर चढवून मी मधल्या चार तासांत रिक्षाने तिथे आले होते. मी त्यांना फोन लावला.

"खिशात नाणं आहे का?" त्यांनी विचारलं.

"पर्समध्ये आहे."

"होडीच्या तळाला नाण्याने टिचक्या मारत जा. पुढून मागे. फोन जवळ धर."

मी चिखलात गुडघे टेकले आणि टिचक्या मारू लागले. टक. टक. टक. फोनमध्ये मला डायलिसिसच्या मशीनची पिंपिं ऐकू येत होती, तिकडे ते माझी टकटक ऐकत होते. मालक खुर्चीवरून माझ्याकडे बघत होता.

"अजून मागे," ते म्हणाले. "हां. थांब. तिथेच परत मार."

मी परत मारली. तिथे आवाज वेगळा येत होता. ओल्या भिंतीवर बोट मारावं तसा, थप.

"आत पाणी शिरलंय. आता मागच्या फळीला धर, जिला इंजिन अडकवलंय. इंजिन धरून जोराने हलव."

हलवलं. इंजिन हललं, त्याबरोबर फळीही हलली. वरच्या लाल रंगाला एक बारीक चीर पडली आणि तिच्यातून तपकिरी पाणी आलं. मी त्यांना तसं सांगितलं.

"नको," ते म्हणाले. "आतलं लाकूड कुजलंय. एक दिवस इंजिन फळीसकट खाली जाईल."

मला रडू फुटलं. मालकासमोर, चिखलात, मी फोनमध्ये ओरडले, "अहो, आपल्याला दोन महिनेच तर हवीय! पूल होईपर्यंत! आज नाही घेतली तर शुक्रवारी काय करायचं? परत वारं सुटलं तर? तुम्हाला कळतंय का मी काय बघते रोज?"

फोनमध्ये पिंपिं चालू होतं.

मग म्हणाले, "अगं, जाताना मी असेन सोबत. एखाद दिवशी मला तिकडेच ठेवून घेतलं, नाहीतर काही झालं, तर त्या होडीतून तुला एकटीला परत यायचंय."

मी फोन बंद केला, गुडघे पुसले आणि मालकाला नाही म्हणून सांगितलं. तो काय बोलला ते मला आठवत नाही. रिक्षात बसल्यावर मला त्यांचा इतका राग आला होता की दवाखान्यात पोहोचल्यावर मी अर्धा तास त्यांच्याकडे बघितलं नाही.

शुक्रवारी वारं नव्हतं. ते नशीब. पण त्या आठवड्यात मी रोज सकाळी उठून आधी पाणी बघायची. पानं हलत असली की काठापर्यंत जाऊन यायची.

तिसरी होडी कळवणकडे निघाली. तिकडच्या एका धरणात पिंजरे लावून मासे वाढवायचा धंदा कुणीतरी सुरू केला होता, तो बंद पडला. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या नात्यातून हे कळलं. मी रविवारी सकाळच्या एसटीने गेले. होडी एका घराच्या मागे उलटी घालून ठेवली होती. राखाडी फायबरची, सपाट बुडाची, सहा हात लांब. माझ्याच वयाच्या एका बाईने दाखवली. मासळीच्या खाद्याचा असा वास होता की मी पदर नाकाला लावला.

ती अहिराणीत म्हणाली, "होडी चांगली शे, ताई. वास येस, पन गळस नही."

मी पर्समधून नाणं काढलं. ती चकित होऊन बघू लागली. पुढून मागे, मागून पुढे, दोन वेळा टिचक्या मारल्या. सगळीकडे एकच टणक आवाज. मागच्या फळीला लोंबकळले. हलली नाही. मग ती बाई स्वतःच म्हणाली, पाण्यात टाकून बघा. आम्ही दोघींनी आणि तिच्या दिराने होडी जवळच्या बंधाऱ्यात सोडली. तिथे मी तासभर होडीत बसून राहिले, नुसती, तळाकडे बघत. कोरडं होतं. मिस्त्रींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला ठीक वाटते."

"मग घे."

पिकअपमध्ये टाकून होडी पलीकडच्या काठावर आणली. बाबा वल्ही घेऊन आले आणि ती गावाकडे घेऊन गेले. मिस्त्री काठीच्या आधाराने काठापर्यंत आले, तिच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "कुरूप आहे. पण नीट आहे."

आता राहिलं इंजिन. मासेमार लोक त्याला मशीनच म्हणतात. नाशिकला द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत जुने जनरेटर, पंप, इंजिनं विकणारा एक माणूस आहे असं कळलं होतं. सोमवारी रजा घेऊन गेले. त्याच्याकडे होडीची दोन इंजिनं होती. एक मोठं, झाकण चकचकीत. दुसरं लहान, झाकणाला तडा आणि त्यावर चिकटपट्टी. मोठं थोडंसंच महाग. तो म्हणाला, "ताई, पॉवर बघा. मोठं घेतलंत तर वाऱ्याचं टेन्शन नाही." मला ते एकदम पटलं. वाऱ्याचंच तर टेन्शन होतं.

मिस्त्रींनी आदल्या दिवशी मला सगळं समजावलं होतं, तरी मी त्यांना फोन लावला. त्यांच्यासोबत मी एवढी वर्षं राहिले, पण इंजिनाला कधी हात लावला नव्हता. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. तिसऱ्या वेळी शेजारणीने उचलला.

"बाई, मिस्त्री नीट बोलत नाहीत हो. श्वास बघा कसा चाललाय. मी आत्ताच डबा द्यायला आले."

मी रस्त्यावर आले. द्वारकेला नेहमीसारखी गर्दी तुंबली होती, ट्रक, बस, रिक्षा, सगळे हॉर्न वाजवत होते आणि मला फोनमधलं ऐकू येत नव्हतं. मी एका दुकानाच्या शटरला चिकटून कानात बोट घालून ओरडले. बाबांना बोलवा. होडीत घाला. आपल्या होडीत, त्यांच्या नको. वल्ह्याने आणा. मी पलीकडे गाडी घेऊन येते.

अँब्युलन्सला फोन केला, तो म्हणाला पाऊण तास लागेल. मी एका रिक्षावाल्याला हात जोडले. तो भला माणूस होता, कसं कुणास ठाऊक, त्या गर्दीतून त्याने गाडी काढली. आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा होडी अर्ध्यातही नव्हती.

ते जे उभं राहणं होतं, त्याबद्दल मी आजपर्यंत कुणाशी नीट बोलले नाही. पाऊस भुरभुर होता. पाण्यात एक राखाडी ठिपका. आधी कळेना की पुढे येतोय की तिथेच आहे. मग बाबांच्या वल्ह्यांची हालचाल दिसू लागली. त्यांच्यासमोर शेजारीण छत्री धरून बसलेली. छत्रीखाली काय आहे ते दिसत नव्हतं. मिस्त्री बसले असते तर त्यांचं डोकं दिसलं असतं, असं मला वाटत होतं. मग वाटे, वाकून बसले असतील. मग वाटे, आडवे नसते तर तिने छत्री एवढी खाली कशाला धरली असती? मी गुडघाभर पाण्यात गेले होते. रिक्षावाला मागून म्हणत होता, "मावशी, मागे या, खाली गाळ आहे." इंजिन असतं तर ते आत्तापर्यंत इथे असते. मी सकाळी बाहेर पडले नसते, तर. लाल होडी त्याच दिवशी घेतली असती, तर. ती दोन महिन्यांनी बुडाली असती, पण आज ती इथे असती. मी मोठ्याने देवाचं नाव घेत होते की त्यांना शिव्या देत होते, मला सांगता येणार नाही.

होडी टेकली. ते वाकून बसले होते, डोकं शेजारणीच्या मांडीवर. ओठ निळसर. डोळे उघडे होते. मी त्यांना धरलं तेव्हा त्यांनी श्वास घेत घेत एवढंच विचारलं, "मशीन?"

"नाही घेतलं अजून."

"उद्या घे."

दवाखान्यात पोहोचल्याबरोबर त्यांना ऑक्सिजन लावला, मग डायलिसिसवर घेतलं. चार दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, छातीत पाणी झालं होतं. मुलगी पुण्याहून आली आणि त्यांच्याजवळ बसली. मंगळवारी दुपारी मी पुन्हा द्वारकेला गेले.

इंजिनवाला म्हणाला, "ताई, मिस्टरांना घेऊन या ना. तुम्हाला यातलं काय कळणार?"

"ते येणार नाहीत," मी म्हटलं. "दोन्ही इंजिनं पाण्याच्या पिंपात लावून चालू करून दाखवा. दोरी मी ओढणार."

मिस्त्रींच्या डाव्या हातावर डायलिसिसची शीर तयार केली होती, त्या हाताने त्यांना जोर लावायचा नव्हता. दोरी ओढायची तर मलाच. मोठं इंजिन सहाव्या हिसक्याला सुरू झालं आणि माझ्या खांद्यातून कळ गेली. लहान तिसऱ्याला लागलं. बंद करून पुन्हा ओढलं, पहिल्याच हिसक्याला लागलं. मग मी खालचा स्क्रू सैल करून गिअरचं ऑइल दाखवायला सांगितलं. तो कुरकुरला, पण त्याने दाखवलं. मोठ्यातून पांढरट आलं, ताकासारखं. म्हणजे आत पाणी गेलेलं. लहानातून काळपट आलं, पण साधं तेलच. इंजिनाच्या बाजूने थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडायला हवी, ती लहानाची अगदी मलूल होती. मी तिकडे बोट दाखवलं. त्याने तारेने भोक साफ केलं, धार सुधारली.

"आता वीस मिनिटं चालू ठेवा," मी म्हटलं.

"वीस मिनिटं?"

"आमचं पाणी ओलांडायला तेवढी लागतील."

पिंपाशेजारी स्टूलवर बसून मी घड्याळ बघत राहिले. नंतर इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवला. गरम होतं, पण हात ठेवता येत होता. मी लहान घेतलं. या वेळी फोन केला नाही. मनात धाकधूक होती, नाही असं नाही. घरी नेऊन ते बंद पडलं असतं तर मी कुणाकडे बोट दाखवणार होते?

बाबांनी इंजिन फळीला अडकवायला मदत केली आणि दोन दिवस मला पाण्यात फिरवलं. डावीकडे जायचं तर दांडी उजवीकडे ढकलायची, हे माझ्या हाताला समजायला वेळ लागला. पहिल्या दिवशी मी होडी सरळ बाबांच्या जाळ्यात घातली. ते म्हणाले, "बाई, पोरांना शिकवता तशी सवताला शिकवा. मारू नका फकस्त."

शुक्रवारी मिस्त्रींना घरी आणलं. मंगळवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. अठरा मिनिटं लागली. लाटा होत्या, पाणी अंगावर उडत होतं, मुलीने आणलेल्या लाइफ जॅकेटात त्यांचा चेहरा लहान मुलासारखा दिसत होता. माझे दात एकमेकांवर आपटत होते. अर्ध्यात आल्यावर ते म्हणाले, "थोडं कमी कर. आवाज बघ मग कसा गोल होतो." मी कमी केलं, पण मला काही गोल वगैरे ऐकू आलं नाही.

एकदा, श्रावणात, इंजिनाचा पंखा पाण्याखालच्या खोडाला लागला. इंजिन गुरगुरत राहिलं आणि होडी जागीच. वारा आम्हाला खडकांकडे ढकलत होता. ते म्हणाले, "पिन तुटली. घाबरू नकोस, ती तुटावी म्हणूनच असते, नाहीतर गिअर तुटला असता." त्यांनी घरी खिळे कापून पिना करून ठेवल्या होत्या, त्यांच्या शर्टाच्या खिशात. मी इंजिन वर उचललं, पालथी पडून पंख्याचा नट सोडवला. पक्कड हातातून निसटली, ती त्यांनी पायाने अडवली. पहिली पिन पाण्यात पडली. दुसरीही पडली. तेव्हा त्यांनी त्यांचा उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि वर्गात पाढे म्हणावेत तशा आवाजात सांगत राहिले, "भोक समोर आण. आता घाल. आता दाब." तिसरी बसली. आम्ही दवाखान्यात उशिरा पोहोचलो, पण पोहोचलो.

त्यानंतर पावसाळाभर एकही वार चुकला नाही. दिवाळीनंतर ओढ्यावर तात्पुरता भराव टाकून जीप सुरू झाली. होडी बाबांना दिली, त्यांनी तिचा वास कधी धुऊन काढला नाही. थंडीत मिस्त्रींची तब्येत जरा बरी होती. त्यांनी ओट्यावर बसून दोन मोटारी उघडल्या, मशीन नव्हतं म्हणून मला हातानेच तार गुंडाळायला लावली, माझं वाकडं झालं की उलगडून पुन्हा करायला लावलं. आम्ही भांडलोही भरपूर, मिठावरून, पाण्यावरून.

फाल्गुनात ते गेले. दवाखान्यातच, मंगळवारी, डायलिसिस चालू असताना. हृदय बंद पडलं. मुलगी आणि मी दोघी होतो.

काही आठवड्यांनी कागदपत्रं घ्यायला गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. होडी शोधण्यात माझे दोन आठवडे गेले होते. त्याआधी एक वार चुकला, आणि त्या सोमवारी मी द्वारकेला होते. पहिलीच मिळेल ती होडी घेतली असती, तर छातीत पाणी झालेल्या दिवशी ते लवकर पोहोचले असते. त्याने काही फरक पडला असता का?

डॉक्टरांनी फाइल उघडली आणि बराच वेळ पानं चाळली. "हृदय आधीपासून थकलेलं होतं, बाई," म्हणाले.

मी थांबले. ते नाही म्हणाले नाहीत, आणि हो सुद्धा म्हणाले नाहीत.

मी फाइल घेऊन बाहेर आले. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर नेहमीच्या बायका बसल्या होत्या, दोन-तीन ओळखीच्या. एकीने मला पाहिलं आणि पिशवी मांडीवर घेऊन सरकून जागा केली. मला कुठेही जायची घाई नव्हती. मी बसले.